स्वस्तातली क्रूझ खरंच परवडते का? मुंबईहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यात किंवा सोसायटीत कुणाला सहलीचं बुकिंग करायचं असलं की पहिला फोन मला येतो. मुंबई–गोवा क्रूझने मी दोनदा जाऊन आले आहे, एकदा सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावरही राहिले आहे. दिवाळी जवळ आली की तेच ते प्रश्न सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते. बहुतेक ठिकाणी मी कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज डोळ्यांसमोर ठेवलं आहे. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईतून प्रवासी घेऊन जातं, आयआरसीटीसीवरही त्याची तिकिटं मिळतात, आणि मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली क्रूझ म्हटलं की आपल्याकडे आधी त्याचंच नाव निघतं.

थोडक्यात सांगा, पैसे वसूल होतात का?

जहाजावर राहायला जात असाल तर होतात. गोवा बघायला जात असाल तर होत नाहीत.

बाकी सगळी उत्तरं या दोन वाक्यांतूनच निघतात. मुंबई ते मडगाव वंदे भारत पावणेआठ तासांच्या आसपास पोहोचवते आणि चेअर कारचं तिकीट दोन हजारांच्या घरात असतं. जहाजाला तेवढ्याच मजलेला रात्रभर लागते. नुसतं पोहोचायचंच असेल तर क्रूझचं तिकीट कुठल्याही हिशेबात बसत नाही. पण भोवती पाणीच पाणी, हातात काही काम नाही, स्वयंपाक नाही, गाडी चालवायची नाही, घरातली आठ माणसं दोन दिवस एकाच छताखाली, हे तुम्हाला हवं असेल तर त्याची किंमत लावून बघण्यात अर्थ आहे.

जाहिरातीत एक आकडा असतो आणि पैसे भरताना दुसराच. फसवतात का?

फसवणूक म्हणता येत नाही, पण आपण फसतो हे खरं. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा दोघांनी एक खोली वाटून घेतल्यावर माणशी पडणारं मूळ भाडं असतो, तेही सर्वांत साध्या खोलीचं आणि सर्वांत कमी गर्दीच्या तारखेचं. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतात. ही पद्धत जगभर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून कायदा लागू केला, की जाहिरातीतल्या किमतीतच सगळी सक्तीची शुल्कं धरलेली असली पाहिजेत. त्यानंतर तिथल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी देशभरातच दर दाखवण्याची रीत बदलली. आपल्याकडेही ग्राहक संरक्षणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेण्याला अनुचित प्रथा म्हटलं आहे.

तरीही माझा सल्ला जुनाच आहे. बुकिंगच्या शेवटच्या पानापर्यंत जा, ‘पैसे भरा’ या बटणाच्या वरचा आकडा कागदावर लिहा आणि तुलना त्या आकड्याशी करा.

एकदा प्रत्यक्ष हिशेब मांडून दाखवाल का?

दर तारखेगणिक बदलतात, त्यामुळे खालचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत.

समजा दोघंजण, दोन रात्री, खिडकी नसलेली खोली, सुट्टीचा हंगाम नाही. जाहिरातीत माणशी १८,००० रुपये, म्हणजे दोघांचे ३६,०००. शुल्कं आणि कर मिळून ९,००० धरू. झाले ४५,०००. जहाजावर एक वेगळं पैसे मोजून घेतलेलं जेवण, दोन-चार पेयं, एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट, फोटो, यांचे ६,०००. गोव्यात उतरल्यावर दिवसभराची टॅक्सी आणि दुपारचं मासळीचं ताट ४,०००. ठाण्याहून बंदरापर्यंत जाऊन-येऊन टॅक्सी २,०००. एकूण ५७,०००. म्हणजे जाहिरातीत १८,००० हा आकडा बघून निघालेल्या माणसाला सहल माणशी २८,५०० ला पडली.

आता दुसरी बाजू. तेच दोघं वंदे भारतने गेले, दोन रात्री बऱ्यापैकी हॉटेलात राहिले, भाड्याची स्कूटर घेतली, पोटभर खाल्लं, तर २५,००० मध्ये परत येतात. वरच्या ३२,००० मध्ये तुम्ही जहाज विकत घेता. हा आकडा बघून ‘चालेल’ वाटलं तर जा, आणि पोटात गोळा आला तर गोव्यालाच जा, मनाला लावून घेऊ नका.

मात्र नाताळच्या आठवड्यात गोव्यातल्या चांगल्या रिसॉर्टचे दर बघितले, त्यात तीन वेळचं जेवण आणि मुलांचे कार्यक्रम धरले, की फरक पुष्कळ कमी होतो. चौघांचं कुटुंब एकाच खोलीत राहायला तयार असेल तर आणखी कमी होतो, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी असतं. एकट्याने जाणाऱ्याचं गणित याच्या उलट चालतं. खोली दोघांची, आणि दुसऱ्या खाटेचे पैसे पूर्ण नाही तरी बरेचसे त्यालाच भरावे लागतात.

जहाज जुनं आहे असं ऐकलं. मग काय?

जुनं आहे, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने तयार झालं. पुढे रॉयल कॅरिबियनकडे त्याने बरीच वर्षं काढली, मध्ये काही काळ स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे होतं, आणि २०२० च्या अखेरीला ते विकलं गेलं आणि नंतर कॉर्डेलियासाठी भारतात आलं. लांबी सुमारे २११ मीटर, ११ डेक, जवळजवळ ८०० खोल्या.

ते बांधलंच गेलं तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. म्हणून खोल्या लहान आहेत. साधी खोली साधारण १२० चौरस फुटांची, म्हणजे गिरगावच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, आणि त्यातच न्हाणीघरही आलं. दोघांना दोन रात्री पुरते. चौघांना पुरते, पण एकाने उठून कपडे बदलायचे तर बाकीच्या तिघांनी खाटेवर पाय घेऊन बसायचं. वरच्या खाटा भिंतीतून उघडतात, शिडीने चढावं लागतं. माझ्या भाच्याला ती शिडी सगळ्या सहलीत सर्वांत जास्त आवडली, त्याच्या आजीला मात्र रात्री दोनदा त्या शिडीचा कोपरा लागला.

क्रूझच्या धंद्यात मोकळेपणा मोजायची एक सोपी रीत आहे. जहाजाचं एकूण टनेज, म्हणजे वजन नव्हे तर आतली एकूण जागा, त्याला प्रवासीसंख्येने भागायचं. एम्प्रेसचं टनेज ४८,५६३ आणि खोलीत दोघं धरले तर प्रवासी सुमारे १,६०० म्हणजे माणशी ३०. सिंगापूरच्या ‘गेंटिंग ड्रीम’चं टनेज १,५०,६९५ आणि प्रवासी सुमारे ३,३५०, म्हणजे माणशी ४५. हा दीडपटीचा फरक न्याहारीच्या रांगेत, लिफ्टपाशी आणि पोहण्याच्या तलावात अंगाला जाणवतो. सुट्टीच्या दिवसांत खोलीत तिसरा-चौथा माणूस आला की तीसचा आकडा अजून खाली उतरतो.

जुन्या जहाजाचा एक फायदाही सांगते. मधला उंच चौक, पितळी कठडे, डेकवरून पाणी जवळ दिसणं. नव्या प्रचंड जहाजांवर समुद्र पंधरा मजले खाली राहतो. इथे रात्री कठड्याला टेकलं की जहाजाने कापलेल्या पाण्याचा आवाज थेट कानात येतो.

२०२५ मध्ये ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ ही दोन जहाजं भाडेकराराने कॉर्डेलियाकडे येणार असल्याचं जाहीर झालं. ती एम्प्रेसपेक्षा मोठी आणि दहा-एक वर्षांनी नवी आहेत. बुकिंग करताना जहाजाचं नाव जरूर बघा.

खोली कोणती घ्यावी?

पैसे वाचवायचे असतील तर आतली, बिनखिडकीची. झोपायला, आंघोळीला आणि कपडे बदलायला तिथे जायचं, बाकी वेळ डेकवर. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी मात्र ही काटकसर करू नये; दिवा मालवला की आत मिट्ट काळोख होतो आणि सकाळ झाली हे घड्याळातच कळतं.

मधला पर्याय समुद्र दिसणाऱ्या खिडकीचा. ही खिडकी उघडत नाही. बाल्कनीच्या खोल्या या जहाजावर मोजक्याच आहेत आणि महाग आहेत. नवविवाहित जोडप्यांना मी बाल्कनीच घ्या म्हणते, नाहीतर त्याच पैशांत मालवणला चार दिवस जास्त राहा म्हणते.

खिडकी घेणार असाल तर बाजू बघून घ्या. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला असतो, परतताना उलट. किनारा बघायचा म्हणून डावी बाजू मागणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच वाटेवर आहेत. खांदेरीचा दीपस्तंभ तेवढा संध्याकाळी गाठता येतो. बाकीचे तिन्ही अंधारात आणि खूप दूर मागे पडतात. पहिल्या वेळी मी विजयदुर्ग दिसेल म्हणून बराच वेळ जागी राहिले होते. दिसले ते मासेमारीच्या बोटींचे दिवे.

जेवणखाण कसं असतं? शाकाहारी, जैन?

मुख्य भोजनगृह आणि फूड कोर्टमधलं जेवण भाड्यात धरलेलं असतं. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही, जैन जेवणही मिळतं. चव लग्नाच्या मोठ्या हॉलमधल्या जेवणासारखी समजा: सगळं भरपूर, गरम, आणि कुणालाच फार तिखट लागणार नाही असं. अस्सल मालवणी कालवणाच्या आशेने जाऊ नका, ते गोव्यात उतरल्यावर खा.

युक्ती वेळेची आहे. साडेआठला न्याहारीला गेलात तर अर्धं जहाज तिथे असतं. सातला गेलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि दुसरा चहा कुणी विचारून आणून देतं.

भाड्याबाहेर पैसे कुठे कुठे जातात?

चढताना एक कार्ड मिळतं, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. हातातून नोटा जात नाहीत म्हणून खर्च कळत नाही, हीच खरी अडचण. मद्य, बाटलीबंद पेयं, वेगळी भोजनगृहं, काही खास कार्यक्रम, स्पा, कॅसिनो, इंटरनेट, काढून मिळणारे फोटो हे सगळं त्या कार्डावर चढतं. घरची बाटली नेता येत नाही.

रोज रात्री झोपण्याआधी स्वागत कक्षात जाऊन कार्डावरचा खर्च बघून या. शेवटच्या सकाळी बघितलात तर मागे लांब रांग असते आणि चुकीची नोंद सापडली तरी वाद घालायला वेळ उरत नाही.

कॅसिनोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यात जे घालायचे ते पैसे आधीच गेले असं समजून वेगळे काढा, आणि संपले की उठा. एका ओळखीच्या माणसाचा तिथला एका रात्रीचा आकडा सगळ्या कुटुंबाच्या तिकिटापेक्षा मोठा होता. परतीच्या टॅक्सीत त्या घरातलं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील तिथल्या स्वस्त कंपन्यांच्या, उदाहरणार्थ कार्निव्हलच्या, सफरीला जातात. त्यांनी टिपचा हिशेब आधी करावा. ती आपोआप बिलात लागते. कार्निव्हलवर २०२३ मध्ये ती साध्या खोलीला माणशी दर दिवशी १६ डॉलर होती. त्या दराने चौघं, सात दिवस, म्हणजे ४४८ डॉलर.

फोन चालतो का?

किनारा दिसतो तोवर चालतो. नंतर फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचा दर आपल्या रोजच्या पॅकमध्ये नसतो. बंदर सुटलं की फोन विमान मोडवर टाका. मुलांच्या फोनचंही आठवणीने बघा. त्यांना विसरलेल्या एका बाबांचं बिल मी पाहिलं आहे.

बोट लागते का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बहुधा शांत असतो आणि जहाज हलतंय हे ग्लासातल्या पाण्याकडे बघूनच कळतं. ज्यांना घाटातल्या एसटीत त्रास होतो त्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात. आलेपाकाच्या वड्या पिशवीत ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू होण्याआधी. मळमळलं तर खोलीत झोपून राहू नका, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत उभे राहा.

गोव्यात किती फिरता येतं?

थोडंच. जहाज मुरगाव बंदराला लागतं, वास्कोजवळ. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर. जहाज सकाळी लागून संध्याकाळी सुटणार असेल तर उतरण्याची रांग, टॅक्सी, आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी परत येणं वजा करा. हातात पाच-सहा तास उरतात. त्यात जुन्या गोव्यातली चर्च आणि पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीची एक चक्कर होते, किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावर निवांत जेवण होतं. दोन्हीच्या मागे लागलात तर दिवस टॅक्सीतच जाईल. कंपनीच्या सहलीपेक्षा चौघांनी मिळून टॅक्सी केलेली स्वस्त पडते, पण कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही उतरलोच नाही. जहाज रिकामं होतं, तलाव मोकळा होता, आईला डेकवर सावलीतली खुर्ची मिळाली. गोवा सोडून दिला म्हणून हळहळ वाटली नाही.

लक्षद्वीपची सफर घ्यावी का?

माझ्या मते स्वस्त क्रूझचा सर्वांत चोख उपयोग इथेच आहे. लक्षद्वीपला परवाना लागतो, राहायच्या जागा कमी, विमानाच्या जागा त्याहून कमी. जहाजाने गेलात तर परवान्याची खटपट कंपनी करते आणि राहायची सोय सोबतच असते.

पण मोठं जहाज तिथल्या धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवासी छोट्या होड्यांतून अगत्तीसारख्या बेटावर जातात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. मार्ग बदलण्याचा किंवा थांबा गाळण्याचा हक्क बहुतेक क्रूझ कंपन्या अटींमध्ये राखून ठेवतात, त्यामुळे पूर्ण परताव्याची आशा धरू नका. गुडघेदुखीच्या माणसाला हलत्या होडीत पाय टाकणं जड जातं, हेही घरात आधी बोला.

आईवडील सत्तरीपुढचे आहेत, नेऊ का?

नक्की न्या. सामान एकदाच ठेवायचं, लिफ्ट आहे, जेवण दोन मिनिटांवर, दमलं की खोली जवळ. बसच्या सहलीत रोज बॅग भरणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचं सुख विचारा. औषधं दोन दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीत पोहोचायला वेळ लागतो. डॉक्टर जहाजावर असतो, पण फुकट नसतो. गरोदर बाईने २४ आठवड्यांनंतर जाऊ नये, बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत.

पैसे किती आधी भरावेत?

दोन-तीन महिने आधी पुरे. वर्षभर आधी पैसे गुंतवू नका. या धंद्यात आपल्या किनाऱ्यावर सातत्य कमी आहे. ‘आंग्रिया’ ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा वाटेवर मोठ्या थाटात सुरू झाली, टिकली नाही. ‘जलेश’चं ‘कर्णिका’ एप्रिल २०१९ मध्ये आलं आणि २०२० मध्ये कंपनीच बंद झाली. जूनपासून पावसाळाभर मुंबईच्या वाऱ्या थांबतात; एम्प्रेस त्या काळात चेन्नईहूनही फिरलं आहे.

शक्य तर क्रेडिट कार्डाने भरा आणि पावती थेट कंपनीच्या नावाची घ्या. एका एजंटने मला खिडकीची खोली सांगून आतली दिली होती. माझ्याकडे पुरावा म्हणून होता तो फक्त फोनवरचा संवाद. तेव्हापासून खोलीचा प्रकार आणि डेक क्रमांक लिहून आल्याशिवाय मी रुपया सोडत नाही.

कागदपत्रं?

देशांतर्गत सफरीला फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, मुलांचंही. श्रीलंकेला जाणारी सफर असेल तर पासपोर्ट आणि तिथली प्रवेश परवानगी.

सिंगापूरची क्रूझ घ्यावी की मुंबईची?

सिंगापूर बघायचंच असेल तर तिथे दोन-तीन रात्री जहाजाच्या जोडा. जहाज नवं, मोठं, जागा ऐसपैस. नुसत्या जहाजासाठी विमानाचं तिकीट आणि व्हिसा काढून जाण्यात मला अर्थ दिसत नाही. मुंबईच्या क्रूझचं मोठं बलस्थान हेच, की विमान नाही; डोंबिवलीच्या माणसाने सकाळी घरी जेवून निघावं आणि संध्याकाळी भर समुद्रात असावं.

पहिल्यांदाच जातोय. चढल्यावर आधी काय करू?

सुरक्षेची कवायत होईल, ती नीट करा. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि कुठल्या डेकवर जमायचं ते मुलांकडून वदवून घ्या. मग सगळी गर्दी खायला पळेल. तुम्ही पळू नका. सर्वांत वरच्या डेकवर उजव्या बाजूला जा आणि जहाज सुटेपर्यंत तिथेच थांबा. आधी धक्का सरकतो, इतका हळू की आपण हलतोय की तो हे कळत नाही. मग गेटवे येतं, रोजच्या पेक्षा लहान, त्याच्या मागे ताजचा घुमट. कुलाबा संपतं, प्राँग्जचा दीपस्तंभ पाण्यातून वर येतो. माझी आई, जी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने रत्नागिरीला जायची, ती तिथे कठडा धरून उभी राहिली आणि तिने हातातल्या रुमालाने मुंबईला हात केला, तिथे तिला निरोप द्यायला कुणीही नसताना.